सतरा वळणं

ऋजुता कणेकरला जाग येऊन नऊ दिवस झाले होते आणि या नऊ दिवसांत ती एका जागी सलग पाच मिनिटं बसली असेल तर शपथ. एकतीस महिन्यांच्या झोपेतून उठलेल्या माणसाने आठवडाभर स्वस्थ पडावं, पातळ पेज घ्यावी, हातपाय हळूहळू हलवावेत, असं नियमावलीत छापलेलं होतं. ऋजुताने ती नियमावलीसुद्धा येरझाऱ्या घालतच वाचली.

कारणही तसंच होतं. ‘दूरवेध’ यानाच्या टाक्यांमधला प्राणवायू असायला हवा त्याहून कितीतरी कमी भरत होता. यानावर माणसं तीनच: यानाची वाट आखणारी दिशावेधक ऋजुता, वनस्पतिशास्त्रज्ञ नजमा मुजावर आणि प्रमुख दिगंबर ओगले. तिघंही आपापल्या निद्राकोषात झोपलेली. झोपलेला माणूस श्वास घेतो तो नावापुरता. मग वायू गेला कुठे? यानाला कुठेतरी भोक पडलं होतं, दुसरं काय!

ऋजुताने एकेक झडप, एकेक सांधा साबणाचा फेस लावून तपासला. एक बुडबुडा उठला नाही. भोक सापडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. न सापडलेल्या भोकाने मात्र तिची झोप उडवली.

“गळती नाही गं, माझ्यावर विश्वास ठेव,” ओगलेसर शांतपणे म्हणायचे. “मापक बिघडला असेल.”

त्यांच्या या शांतपणाचाच तिला संताप यायचा. सूर्याभोवती प्रकाश वाकतो आणि पृथ्वीपासून सूर्य जितका लांब, त्याच्या साडेपाचशे पट लांब जाऊन तो एकवटतो. तिथे दुर्बीण उभी केली तर खुद्द सूर्यच तिचं भिंग होतो, परक्या ताऱ्यांभोवतालच्या ग्रहांवरचे समुद्रसुद्धा दिसू शकतात. त्या सूर्यभिंग दुर्बिणीसाठी सरांनी आयुष्याची वीस वर्षं घातली होती. आता ते तिथे पोचले होते, सूर्य मागे पुनवेच्या चंद्राइतका उजेड देणारा एक ठिपका होऊन राहिला होता, आणि दुर्बीण उलगडायला तिघांचं सहा महिन्यांचं काम होतं. ऋजुताचं म्हणणं, काम गेलं खड्ड्यात, आजच्या आज परत फिरा. सरांचं म्हणणं, काम करूनच निघायचं. त्या संध्याकाळी मत घ्यायचं ठरलं होतं. एक इकडे, एक तिकडे. राहिली नजमा.

नजमा त्या वेळी एका निवडुंगाची कुंडी बदलत बसली होती.

“तुला हे आत्ताच सुचतंय?” ऋजुता दारातूनच कडाडली.

“मग काय, तुझ्यासारख्या फेऱ्या मारू?” नजमा मूळची मिरजेची. पृथ्वी सोडली तरी तिची बोली काही सुटली नव्हती. “झोपायच्या आदल्या दिवशी लावलेलं बघ हे. लिंबाएवढं होतं, पाणी यंत्रच घालत आलं. आता कुंडीत मावंना झालंय. ये, धर जरा. काटे असतात, कागदाची पट्टी गुंडाळ त्याला.”

ऋजुताने कागदाची घडी घालून निवडुंगाच्या कमरेला गुंडाळली आणि धरून ठेवली. नजमाने कुंडी आडवी करून कडेवर दोनदा थापटली. माती सैल झाली आणि आतला गोळा अलगद बाहेर आला.

“नवी कुंडी बोटभरच मोठी घ्यायची,” नजमा हाताने माती झाडत सांगत होती. “आणि लावल्या लावल्या पाणी घालायचं नाही. माणसं मायेनं घालतात आणि मुळं कुजवतात. तुटलेली मुळं आठवडाभर सुकू द्यायची, मग...”

ती थांबली. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सारून तिने तो गोळा उजेडात धरला.

“काय झालं? कीड?”

“कीड नाही. ही मुळं बघ.”

वरची मुळं सरळ खाली उतरली होती. खालच्या चार बोटं भागात मात्र प्रत्येक मुळाला पीळ पडला होता. एकदा या बाजूला झुकायचं, मग त्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या, आणि पुन्हा पहिल्या.

“वाकडी वाढलीत, एवढंच ना?” ऋजुताचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. मताला दीड तास उरला होता.

“मूळ उगीच वाकडं वाढत नसतंय. मुळाच्या टोकाला तोलकण असतात, पिठाचे बारीक दाणे. ते पेशीत तळाला जाऊन बसतात आणि मुळाला कळतं, खाली कुठे ते. आपलं यान स्वतःभोवती फिरतंय म्हणून आपल्याला वजन आहे, बरोबर? म्हणजे मुळाचं ‘खाली’ यानाच्या बाहेरच्या भिंतीकडे.”

“आणि इंजिन चालू असलं की शेपटीकडेही थोडी ओढ बसते,” ऋजुता आपसूक बोलली. हा तिच्या विषयाचा भाग होता. “यान निघताना पुढे ढकला नाहीतर पोचताना उलटं फिरवून थांबवा, इंजिन शेपटीलाच. आतल्या वस्तूंना ओढ शेपटीकडेच. म्हणजे शेवटचे चार महिने आपण वेग कमी करत होतो तेव्हा मूळ तिरकं वाढणार.”

“तिरकं. पण एकाच बाजूला. शेपटीकडं. हे तर चारी दिशांना फिरलंय.”

ऋजुता पहिल्यांदाच खाली बसली. यान त्या चार महिन्यांत भरकटलं असेल का? पण भरकटलं असतं तर ते इथे, नेमक्या जागी, आलंच नसतं. इंजिनाची दिशा बदलली नव्हती. मग बदललं होतं काय?

“कुंडी,” ती म्हणाली. “कुंडी फिरली.”

“आपोआप?”

“तूच सांग. घरात खिडकीत ठेवलेलं झाड उजेडाकडे झुकतं, तेव्हा आपण काय करतो?”

“पाव फेरी देतो. आठवड्याला एकदा,” नजमा म्हणाली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. तिने टाचणीच्या टोकाने एका मुळावरची वळणं मोजली. दोनदा मोजली. “सतरा.”

सतरा आठवडे म्हणजे चार महिने. निघतानाची ढकल ते झोपण्याआधीच संपली होती; तेव्हापासून या चार महिन्यांपर्यंत इंजिन बंद होतं, कुंडी कितीही फिरवली तरी मुळं सरळच राहिली असती. म्हणजे झाडाने साक्ष दिली होती ती फक्त चार महिन्यांची. पण चार महिने जागा असलेला माणूस त्याआधी झोपला होता, असं कोण म्हणणार? ऋजुताने मनातल्या मनात हिशेब केला. एका जाग्या माणसाला एकतीस महिन्यांत जेवढा प्राणवायू लागतो, बरोबर तेवढाच टाक्यांमधून गेला होता. यानाला भोक नव्हतंच. तो वायू कुणीतरी श्वासात घेतला होता, आणि त्या दोघी तर झोपेत होत्या; धड चालणारा कोष सोडून कोण जागं राहील?

ओगलेसर नियंत्रणकक्षात दुर्बिणीचे आराखडे पाहत होते. दोघी आत आल्या तेव्हा त्यांनी वर पाहिलं. ऋजुताच्या हातात निवडुंग होता, मुळं उघडी.

“कुणाचा निद्राकोष बिघडला, सर?” तिने विचारलं.

सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. मुळांकडे बघून ते थोडंसं हसलेच. “निवडुंग एका बाजूला कलत होता गं. बघवेना. एवढं एकच झाड होतं सोबतीला.”

“कोष कुणाचा?”

“तुझा. झोपल्यावर तिसऱ्या दिवशी. मी अजून आवराआवर करत होतो म्हणून लक्षात आलं. तुला माझ्या कोषात हलवलं, आणि तू उठायच्या जरा आधी परत तुझ्या. एकदा झोपवलेल्या माणसाला लगेच उठवणं धोक्याचं असतं. मी तर जागाच होतो. मग ठीक झालं.”

ठीक झालं! एकतीस महिने एकटा माणूस, बाहेर काळोख, आत दोन झोपलेल्या बायका आणि लिंबाएवढं एक झाड. ऋजुताला रडू आलं आणि रागही आला, आणि त्यातलं आधी काय आलं ते तिलाच सांगता आलं नसतं.

“एका शब्दाने सांगायचं होतं की, सर,” नजमा म्हणाली. “लपवलं कशाला?”

उत्तर सरांआधी ऋजुताला सुचलं. ती दिशावेधक होती, परतीचा हिशेब तिच्याइतका कुणाला पाठ असणार? परतीला पस्तीस महिने: निघतानाच्या ढकलीचे चार आणि येताना झोपेत गेले तेवढे एकतीस. माणसं तीन. चालणारे कोष दोन. म्हणजे परतीतही एक माणूस जागा राहणार. झोपणाऱ्यांचा वाटा सोडला तर टाक्यांमध्ये छत्तीस महिन्यांचा वायू उरला होता, एका जाग्या माणसापुरता. दुर्बिणीचं काम तिघांनी सहा महिने करायचं तर त्यातले अठरा इथेच संपणार. उरलेल्या अठरांत जागा माणूस जेमतेम अर्ध्या वाटेपर्यंत पोचतो.

“तुम्ही परत यायचंच नाही असं ठरवलंय,” ती म्हणाली.

“दुर्बिणीच्या देखभालखोलीत कुणीतरी राहिलेलं चांगलंच,” सर समजुतीच्या सुरात म्हणाले. “दीड वर्ष चित्रं बघीन. अगं, वीस वर्षं याचीच वाट पाहिली. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर उठल्या उठल्या यान वळवलं असतंत.”

“आत्ताही वळवणार,” ऋजुता म्हणाली. “पस्तीसला छत्तीस. हातात एक महिना शिल्लक, पण आत्ता तिघं जागे आहोत, म्हणजे दहाच दिवस. दुर्बीण घडीतच राहू दे. दुसरं कुणीतरी येईल आणि उलगडेल.”

“मी प्रमुख आहे, ऋजुता.”

“आणि आज मत घ्यायचं तुम्हीच ठरवलंत.” ती वळली. “नजमा?”

नजमाने सरांच्या समोर पसरलेल्या आराखड्यांकडे पाहिलं. वीस वर्षांच्या रेघा होत्या त्या, तिलाही ते दिसत होतं.

“परत,” ती म्हणाली. “आणि जागायचं तिघांनी पाळीनं. बारा, बारा आणि अकरा. अकरा महिने सरांचे, शेवटचे.”

सरांनी वाद घातला. रागावले, समजावलं, शेवटी विनवलंसुद्धा. दोघींनी ऐकून घेतलं आणि ऋजुताने यानाचं तोंड सूर्याकडे वळवलं. चौथ्या दिवशी इंजिनाची ओढ सुरू झाली आणि दुर्बिणीची घडी घातलेली पेटी मागे काळोखात सुटी झाली. ती दिसेनाशी होईपर्यंत सर काचेशी उभे होते. ऋजुता शेजारी उभी राहिली.

मग नजमा झोपली. ऋजुताने दुसऱ्या कोषाचं झाकण उघडलं, आतली गादी हाताने सारखी केली आणि सरांच्या दंडाला धरून त्यांना तिथवर आणलं.

“झोपा आता, सर,” ती म्हणाली. “मी आहे जागी.”

दिगंबर ओगले आत आडवे झाले. झाकण लागेपर्यंत ते डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होते. एकतीस महिन्यांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.