उजवीकडचे अठरा मिलिमीटर

मी देवासला कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही, आणि घरच्यांना याचा वैताग येतो. शंतनूने चॅसीची मापं मागितली तेव्हा मी बुधवारी टेप घेऊन, रजा टाकून धारला गेले.

शंतनू देवासचाच, जुन्या गाड्या नव्याने उभ्या करतो. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दोन सीटची स्पोर्ट्स कार त्याने घेतली होती. कार कसली डोंबलाची! पत्रा गंजून केव्हाच भंगारात गेलेला. उरलं होतं चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स, चार चाकं आणि स्टिअरिंग. बॉडी त्याच्याकडे तयार होती. दादा रोज संध्याकाळी त्या सांगाड्यावर पाट टाकून स्टिअरिंग धरून बसत. एकटेच राहत होते, दोनदा पडले होते, आणि गाडी आहे तोवर धार सोडणार नाही हा हेका. म्हणून गिऱ्हाईक मीच शोधलं. गाडीचं मला काही नव्हतं. मला दादा देवासला हवे होते.

बुधवारी दोन्ही बाजूंची उंची सारखी भरली.

दादांच्या निघण्याचा मुहूर्त गुरुवारचा होता, सांगाडा न्यायला ट्रक मिळाला शनिवारचा. दादांनी आमच्या घरची जुनी रीत काढली, प्रस्थान ठेवायचं. उपरण्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून मुहूर्तावर परक्या घरी ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग खरोखर जाताना ज्याचं त्याने ते उचलून पुढे जायचं. शेजारी कुलूप होतं. गाडी आता शंतनूची, म्हणजे परक्याचीच जागा, असं म्हणत दादांनी गाठोडं स्टिअरिंगला बांधलं. मला हसू आलं.

"हसू नकोस, अलका," दादा म्हणाले. "मी निघालो आता."

त्यानंतर ते पाटावर बसले नाहीत. ताटात अर्धं टाकू लागले. त्यांची वेताची खुर्ची जरा हललं तरी करकरायची, ती आता ते बसले तरी करकरेना. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, उगाच आवरलेले डबे पुन्हा आवरत होते.

शुक्रवारी परत माप घेतलं. उजवी बाजू, चालवणारा बसतो ती, अठरा मिलिमीटर खाली होती. स्प्रिंग म्हातारी झाली, म्हटलं. तरी टेप तीनदा लावली.

शनिवारी ट्रकवाला तरुण डोकं खात होता. "दीदी, जल्दी करवाओ, बायपास पे जाम लग जाएगा." मीही हो हो करत सांगाडा चढवून घेतला आणि ट्रक सोडला. दादा अजून चपला घालत होते. गाठोडं त्यांनी उचलायचं राहिलं. माझ्याच घाईने.

त्यांना माझ्या गाडीत पुढे बसवलं. पट्टा त्यांना सोसत नाही, आणि पट्टा न लावता कोणी बसलं की माझी गाडी टिंग टिंग करून जीव खाते. त्यावरून आमची दर वेळी जुंपते. त्या दिवशी पट्टा न लावताही गाडी गप्प. घाटाबिल्लोद गेलं, बेटमा गेलं. सेन्सर बिघडला असणार.

"दादा, बरं वाटतंय ना?"

"वारा फार लागतोय गं."

काचा बंद होत्या. एसीही बंद होता. मला भीती वाटली, सरळच सांगते. त्यांचा हात धरायचा होता, पण मी तो धरला नाही.

देवासला पोचलो तेव्हा शंतनूच्या शेडपुढे सांगाडा उतरवलेला होता. मी धावत जाऊन गाठ सोडली. स्प्रिंग करकरली आणि उजवी बाजू वर आली.

मोजलं. दोन्ही बाजू सारख्या.

गाठोडं हलकंच होतं, ओंजळभर तांदूळ. माझ्या गाडीपाशी परत आले तर दादा मागच्या सीटवर जाऊन बसले होते. गाठोडं पुढच्या सीटवर ठेवलं आणि गाडी सुरू केली.

टिंग. टिंग. टिंग.

थांबेचना. शेवटी पट्टा ओढला, गाठोड्यावरून घेतला आणि अडकवला. आवाज थांबला.

"छातीवर घट्ट बसलाय," मागून दादा म्हणाले. "जरा सैल कर."