खिडकीपाशी निजलेली आई

"इथं नको… दुसरीकडे कुठंही लाव, पण माझ्या खोलीत नको!" ताईच्या तोंडून शब्द निसटले आणि स्टुलावर चढलेल्या धाकट्याचा हात हातोडीसकट तसाच थांबला.

केवढ्या हौसेनं त्यानं नव्या घरातली ही खोली सजवली होती! आई गेल्यापासून जिनं शिलाई मशीनवर पाठ मोडून त्याला वाढवलं, स्वतःच्या लग्नाचा विषय नेहमी हसण्यावारी नेला, त्या बहिणीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळत होती. आणि तिच्या पलंगासमोर लावायला त्यानं घरातली सर्वांत मोलाची वस्तू आणली होती, बाबांनी काढलेलं आईचं चित्र. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. जन्मभरात माणसाचं चित्र त्यांनी हे एवढंच काढलं… खिडकीजवळच्या खुर्चीत शाल पांघरून शांत निजलेली आई.

"तुला आईचं काहीच कसं वाटत नाही गं?" धाकटा स्टुलावरूनच म्हणाला. "इतकी वर्षं बघतोय, ह्या चित्राकडे पाठ करूनच बसतेस. एवढा कसला राग?"

ताई बोलणार तरी काय! चित्रातली आई झोपलेली नव्हतीच. त्या दुपारी ती गेली होती. "बसायला सवड कुठाय मला?" म्हणत तिनं बाबांना कधी चित्र काढूच दिलं नव्हतं, म्हणून नातेवाईक येईपर्यंतच्या तेवढ्या वेळात बाबांनी तिला शेवटचं रंगांत उतरवून घेतलं. शाल ताईनंच सारखी केली होती. "धाकट्याला सांगू नकोस, त्याला आई निजलेलीच आठवू दे," बाबा म्हणाले होते, आणि त्या कोवळ्या पोरीनं ते शब्द उराशी धरले. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या चित्रात विसावा दिसे; तिला मात्र बोटांना लागलेला तो गारवा आठवे. पण भावाच्या मनातली निजलेली आई हिरावून घ्यायची? छे! त्यापेक्षा त्यानं आपल्याला पाषाणहृदयी म्हटलेलं परवडलं.

तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून तिनं आपला सावरायला विषय काढला. "मी कधीची विचारीन म्हणतेय… उठल्यावर आईंना आवडलं का हो चित्र?"

"खूप!" धाकटा घाईघाईनं म्हणाला.

"हसली की!" ताईही त्याच क्षणी म्हणाली.

दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. खोटं बोलताना धाकट्याचे कान लाल होतात, हे ताईला कळणार नाही तर कुणाला!

"तुला… माहीत आहे?" ताईनं विचारलं.

"बाबांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं." तो हळूच स्टुलावरून उतरला. "म्हणाले, ताईजवळ हा विषय काढू नकोस. मला वाटलं, तुला ठाऊकच नाही!"

"अरे देवा… आणि मी तुझ्यापायी तोंड शिवून बसले!" ताईला हसू आलं, आणि हसता हसता इतकी वर्षं अडवून धरलेलं रडू फुटलं. "पण मग तुला हे बघवतं तरी कसं रे?"

"मला आई फारशी आठवतच नाही गं. हे बघितलं की मला तू आठवतेस. त्या दुपारी शेजारच्या खोलीत मला मांडीवर घेऊन तू राक्षसाची गोष्ट सांगत होतीस. काय आवाज काढला होतास! नुसता थरथरत होता. मी म्हटलं, आपल्या ताईसारखा राक्षस कुणाला जमायचा नाही!"

"तो राक्षसाचा आवाज नव्हता रे, राजा…"

"मोठा झाल्यावर कळलं ते." त्यानं तिचे हात हातात घेतले. "पण माणसं आली नि गोष्ट अर्धीच राहिली. पुढं कधी सांगितलीच नाहीस."

ताईनं डोळे पुसले. धाकट्यानं भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्रासमोर, आईकडे तोंड करून, ती खाली बसली. भावाला नि भावजयीला तिनं जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "कुठपर्यंत आलो होतो आपण?"