सात वीसचं पाणी

यात एकही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर स्वतःला जरा बरा माणूस म्हणून तरी दाखवलं असतं.

मी सुश्रुत. मूळचा पुण्याचा. बायको योगिनी आणि नऊ वर्षांच्या अवनीबरोबर नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये राहतो. विटांची जुनी इमारत, त्यात सगळ्यात वरचा मजला. आमच्या डोक्यावर फक्त छप्पर. पायाखाली लाकडी जमीन आणि तिच्याखाली मेनेर ब्राउवर.

मेनेर म्हणजे इकडचं 'साहेब'. ऐंशी ओलांडलेले, एकटेच राहायचे. आयुष्यभर रेल्वेत तिकिटं तपासलेली, त्यामुळे घड्याळाचे एकदम पक्के.

आता माझी चूक सांगतो.

शॉवर घेतला की मला अंघोळ झाल्यासारखं वाटतच नाही. पाट, बादली आणि तांब्या हवा. शॉवरच्या काचेआड पाट मावेना, म्हणून मी बाहेर, बाथरूमच्या मधोमध बसायचो. रोज सकाळी सात वीसला. भडाभडा पाणी ओतायचं आणि मग वायपरनं जाळीकडे ढकलायचं. भिंतीच्या कडेचं सिलिकॉन एका जागी सुटलं होतं. मला ते दिसत होतं.

"अरे, ती फट बुजवून घे ना," योगिनी दोनदा म्हणाली.

"एका बादलीनं काय होतंय!"

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. डोक्यावर तांब्या ओतला आणि...

ठक. ठक. ठक.

मेनेर खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकत होते.

संध्याकाळी जिन्यात गाठ पडली. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सकाळी माझ्या टेबलावर पाणी पडतं. सात वीसला. तुम्हाला काही ठाऊक आहे?"

"नाही, मेनेर."

किती सहज बोललो मी ते! भाडेकरारात स्पष्ट लिहिलं होतं, शॉवरच्या जागेबाहेर पाणी सांडायचं नाही. हे घर गेलं तर दुसरं कुठून मिळणार? अवनीची शाळा दोन गल्ल्यांवर. मला फक्त तेवढंच दिसत होतं.

त्यांची मुलगी एल्स प्लंबरला घेऊन येणार, असं कळलं. मग मी दोन आठवडे निमूटपणे शॉवर घेतला. बादली बाल्कनीत उपडी घातली. सुटलेल्या सिलिकॉनवर पायपुसणं टाकलं.

प्लंबरनं खालच्या छताला ओलावा मोजायचं यंत्र लावलं. कोरडं. डाग जुना असेल, म्हणाला. मग सगळे वर आले.

"शॉवरबाहेर पाणी वापरता का?" प्लंबरनं विचारलं.

"कधीच नाही."

मेनेर दारात उभे होते. "पण ते पडतं," ते म्हणाले. "रोज पडतं."

एल्सनं त्यांच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली हात ठेवला. हळूच म्हणाली, "एर इस निक्स, पापा."

काही नाहीये, बाबा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पायपुसण्याकडे बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात बादली पुन्हा आत आली. हो, आली. लाज वाटते लिहायला, पण आली. दांडा पुन्हा वाजायला लागला. मेनेर टेबलावर पातेलं ठेवून पहाटेपासून बसून राहायचे आणि रोज एल्सला फोन करायचे. डॉक्टरांनी सांगितलं, वयामुळे भास होतायत. आता एकटं ठेवू नका.

डिसेंबरात त्यांना वृद्धाश्रमात नेलं. जिन्यातून त्यांची बॅग मीच खाली नेली.

फेब्रुवारीत आमच्या पत्रपेटीत राखाडी काठाचं पाकीट आलं. मेनेर गेले. छापील मजकुराखाली एल्सनं पेननं लिहिलं होतं, 'बाबांचा त्रास तुम्ही शांतपणे सोसलात. मनापासून आभार.'

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बादली फेकून दिली. फट बुजवून घेतली, सगळ्या कडांना नवं सिलिकॉन लावून घेतलं. अर्ध्या तासाचं काम. अर्धा तास! ऑक्टोबरात केलं असतं तर तो माणूस आपल्या घरात राहिला असता.

दुसऱ्या दिवशी शॉवर घेऊन चहाला बसलो. खालचं घर रिकामं होतं. सामानसुद्धा हललं होतं.

घड्याळात सात वीस झाले आणि...

ठक. ठक. ठक.

कप हातात तसाच राहिला.

मग...

टप्.

आमच्या टेबलावर. छतातून.

"योगिनी! पाणी!"

ती आली. टेबलावरून हात फिरवला. "कुठाय?"

तिच्या बोटांवरून ते ओघळताना मला दिसत होतं.

तेव्हापासून रोज. त्याच प्लंबरला बोलावलं. तो छपरावर चढला, आमच्या छताला यंत्र लावलं. कोरडं. माझ्याकडे त्यानं ज्या नजरेनं बघितलं, ती मी आधी पाहिली होती. मेनेरांकडे बघताना.

शेवटी एल्सला फोन केला. सगळं सांगितलं. बादली, पायपुसणं, सगळं. "ते पाणी माझंच होतं. तुमचे बाबा खरं बोलत होते."



"तुम्ही फार चांगले आहात," ती म्हणाली. "पण मला बरं वाटावं म्हणून असं बोलू नका. छत कोरडं होतं. मी स्वतः बघितलंय."

मी शपथा घेतल्या. तिनं प्रेमानं समजूत काढली आणि फोन ठेवला.

आज सकाळी टेबलावर मोठं पातेलं ठेवलं. सात वीसला ठोके पडले. मग टप्. टप्. बघता बघता पातेलं अर्धं भरलं. मी अवनीला हाक मारली. लहान मुलांना दिसतं म्हणतात ना.

तिनं पातेल्यात बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग पातेलं उचललं आणि मला दाखवायला सरळ उलटं केलं.

जमीन कोरडीच राहिली म्हणे.

माझे पाय घोट्यापर्यंत भिजले. पाणी बर्फासारखं गार होतं.

अवनी खुर्चीवर चढली. माझ्या पाठीवर, मानेच्या जरा खाली हात ठेवला. हळूच म्हणाली, "एर इस निक्स, पापा."

शाळेमुळे ती डचमध्येच उत्तरं देते, त्यात नवल नाही. पण प्लंबर आला त्या दिवशी ती घरात नव्हती.

योगिनीनं गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी जाणार आहे. ते विचारतील, आणि मला खरं तेच सांगावं लागेल.

पण ते पडतं. रोज पडतं.