अप्पांचं स्टिअरिंग

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं. वाद घालण्याइतकं बळ आता माझ्यात उरलेलं नाही.

मी विशाखा. शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुतांच्या गोष्टी सांगायला लागलं की मी त्याला बाकावर उभं करायचे. त्यामुळं रात्र होती, कुत्री रडत होती, असलं काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. दुपार होती. यंदाचा मे महिना, बुधवार, अडीच वाजलेले. जालना रोडवर करमाडला आमचं शेत आहे, तिथली पत्र्याची शेड.

शेडमध्ये माझ्या वडिलांची, अप्पारावांची जुनी अँबॅसिडर उभी होती.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

त्या गाडीच्या स्टिअरिंगला अप्पांनी उभ्या जन्मात कुणाला हात लावू दिला नाही. माझी आई, आवडाबाई, चाळीस वर्षं मागच्या सीटवर कांद्याच्या गोण्यांशेजारी बसली. पुढची सीट रिकामी असायची, तरीसुद्धा. गाडी दारात आणून अप्पा हाक मारायचे नाहीत. बोटातली अंगठी स्टिअरिंगवर आपटायचे.

टक... टक... टक.

तिसऱ्या आवाजाला आई दारात नसली, तर संध्याकाळी तिचे हाल असायचे. माझा धाकटा भाऊ शिवराज बारा वर्षांचा असताना एकदा त्या सीटवर जाऊन बसला, स्टिअरिंग धरून तोंडानं भुर्र करत. अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे त्याचा हात दाराच्या फटीत ठेवला आणि दार लावलं.

तोच शिवा पुढं दातांचा डॉक्टर झाला. शहरात औरंगपुऱ्यात त्याचा दवाखाना आहे. त्याचा हात इतका हलका, की लहान पोरंसुद्धा त्याच्या खुर्चीत रडत नाहीत. एक बोट जरासं वाकडं आहे, एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी अप्पा याच शेडमध्ये, याच सीटवर गेले. हार्ट अटॅक. दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आवळलेल्या होत्या. त्या सोडवायला चौघं लागले.

दहाव्याला आम्ही गोदावरीकाठी कायगावला गेलो. पिंड ठेवला. समोरच्या झाडावर पन्नासएक कावळे, पण एकही खाली उतरेना. तास गेला, दीड तास गेला. मग नेहमीप्रमाणे एकेकजण पुढं होऊन हात जोडायला लागला. आईला सांभाळू. शेत मोडणार नाही. शिवानं तर दारू कधी पिणार नाही म्हणूनही सांगितलं, बिचारा आधीही पीत नव्हता.

कावळे हलले नाहीत.

ऊन डोक्यावर आलं होतं. आईला चक्कर येत होती. मेल्यावरही आम्हाला उन्हात उभं केलंय म्हणून मला त्या माणसाचा फार संताप आला होता. मी सगळ्यांच्या मागून ओठातल्या ओठात पुटपुटले, "अप्पा, तुमच्या स्टिअरिंगला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही. झालं समाधान?"

आणि कावळा शिवला.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? असे शब्द सगळेच देतात आणि तेराव्याचं गोडधोड खाऊन विसरतात.

यंदा आईला शहात्तरावं लागलं. फेब्रुवारीत ती आजारी पडली, तेव्हा शिवाला म्हणाली, "मला एकदा त्या गाडीत पुढं बसव रे. वैजापूरला घेऊन चल, म्हायेरी." आईनं आयुष्यात मागितलेली ही बहुधा एकुलती एक गोष्ट. शिवानं ती मनावरच घेतली. इंजिन दुरुस्त झालं, टायर नवे आले. राहिलं होतं फक्त स्टिअरिंग. त्याचा दांडा सैल होऊन फार हलत होता. आतलं झिजलेलं बुश बदलायचं तर आधी स्टिअरिंग उतरवायला हवं होतं.

त्यासाठी करमाडचे फकिरा मिस्त्री आले. सत्तरीचा माणूस, बोलणं कमी. मी शिवाबरोबर सहज गेले होते, शाळेला सुट्टी होती म्हणून.

मिस्त्रींनी मधलं हॉर्नचं बटण काढलं. आतला मोठा नट पान्यानं ढिला केला, पण पूर्ण काढला नाही.

"नट शेवटच्या दोन आट्यांवर ठिवायचा, डॉक्टर," ते म्हणाले. "स्टिअरिंग अचानक सुटलं तर थोबाडावर येतंय. नट असला म्हंजे आडतं."

गंज सोडवायचं तेल सोडलं. पुलर लावला. पुलर म्हणजे लोखंडी पंजा. तो स्टिअरिंगला मागून धरतो आणि मधला बोल्ट पिळला की ओढून काढतो. मिस्त्रींनी बोल्ट पिळला. आणखी पिळला. घाम निथळायला लागला.

स्टिअरिंग तसूभर हललं नाही.

मग मिस्त्री थांबले. स्टिअरिंगवरून त्यांनी एक बोट फिरवलं. गाडीत सगळीकडं धूळ होती. पण स्टिअरिंगच्या गोलावर डावीउजवीकडं, जिथं हात धरतात तिथं...

दोन जागा स्वच्छ होत्या.

आणि ओल्या.

"ताई, हितं कोणी बसतं का?" मिस्त्रींनी मला विचारलं.

"कोण बसणार? कामाशिवाय शेडला कुलूप असतं. तेल सांडलं असेल तुमचं."

त्यांनी बोट नाकाशी नेलं. "तेल नाय हे. घाम हाय."

पत्रा इतका तापला होता, की शेडमध्ये पाण्याचा थेंब टिकला नसता. मी काहीतरी शास्त्रीय बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात...

टक.

"पत्रा वाजतोय," शिवा म्हणाला. "तापला की वाजतो."

टक.

पत्र्याचा आवाज वरून येतो. हा समोरून येत होता. तिसऱ्या आवाजाची वाट बघत आम्ही तिघंही उभे राहिलो. तो आला नाही. त्याऐवजी बाकीचे सगळे आवाज गेले. शेजारच्या मळ्यातली मोटार. झाडावर घुमणारे होले. जालना रोडवरचे ट्रक. कानात बोळे घातल्यासारखं झालं.

मिस्त्रींनी पुलर सोडवला आणि पिशवीत टाकला.

"गंजानं धरलेलं मला कळतंय, डॉक्टर. पन्नास वर्षं ह्येच केलंय. ह्ये गंजानं धरलेलं नाय. मी नाय काढत." दारात जाऊन ते वळले. "तुमी बी काढू नका. आन काढलंच, तर नट तेवढा ऱ्हाऊ द्या."

ते गेले. हातोडी आणि पाना तिथंच राहिला.

शिवा लाल झाला होता. चिडला की तो अगदी बारा वर्षांचा दिसतो. तो त्या सीटवर जाऊन बसला. पान्यानं नट फिरवला आणि पूर्ण काढून बाहेर फेकला.

"अक्का, तू इकडून बस. मी ओढतो, तू दांड्याच्या टोकावर हातोडी मार. बघू कसं निघत नाही ते."

मी त्याला तेव्हा सांगायला हवं होतं.

शब्द माझा होता. तो कुणी मागितला नव्हता, मीच दिला होता. शिवाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगितलं तर तो हसेल, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला ते स्टिअरिंग निघालेलं बघायचं होतं. भंगारात पडलेलं बघायचं होतं. त्या माणसाचं काहीतरी माझ्या हातानं मोडायचं होतं.

आईला कधी न मिळालेल्या त्या पुढच्या सीटवर मी बसले आणि हातोडी मारली.

एकदा.

दोनदा.

तिसऱ्यांदा हातोडी बसली आणि स्टिअरिंग सुटलं. झटका नाही, करकर नाही. पलीकडून कुणीतरी आपणहून सोडून दिल्यासारखं... अलगद.

मी हसले. खरंच हसले मी.

शिवा हसला नाही. स्टिअरिंग छातीशी धरून तो तसाच बसला होता.

"अक्का... हात सुटत नाहीयेत."

"नाटकं करू नकोस."

"कुणीतरी धरलेत."

मी बघितलं. त्याच्या बोटांवर पांढरे पट्टे उमटत होते, वरून कुणी जोर लावून दाबावं तसे. आठ पट्टे. उजव्या हातावर एका पट्ट्याच्या मध्ये एक गोल खळगा पडला होता.

अंगठीचा.

मी त्याची बोटं उपसायला लागले. एकसुद्धा उघडेना. शिवा ओरडत होता, मी अप्पांना शिव्या देत होते. शेवटी धावत जाऊन मिस्त्रींना परत आणलं. त्यांनी ते स्टिअरिंग करवतीनं दोन्ही बाजूंनी कापलं. तुकडे मुठींतून ओढून काढले.

मुठी तशाच राहिल्या.

शहरातल्या तीन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. हाडं ठीक, नसा ठीक, सगळे रिपोर्ट ठीक. एकानं मनावरचा ताण म्हटलं. दवाखान्याला मेपासून कुलूप आहे. शिवाला त्याची बायको श्रेया शर्ट घालते आणि आई घास भरवते.

गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडं गेले होते. आई त्याला वरणभात भरवत होती. मधेच ती घास हातात घेऊन थांबली.

"म्या कशाला मागितलं गं, विशा? माझ्या हौसेपायी पोराचे हात गेले."

मला ते ऐकवलं नाही. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही, पण तिथून उठले ती थेट करमाडला गेले. कुलूप काढलं. गाडीचं दार उघडलं. नुसता दांडा उभा होता, टोकाला आटे उघडे.

मी हात जोडले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"अप्पा, शब्द मी दिला होता, आणि हातोडीही मीच मारली. शिवाला काही माहीत नव्हतं. त्याला सोडा. घ्यायचे तर माझे हात घ्या."

काहीच झालं नाही. बाहेर होले घुमत होते, ट्रक जात होते. मी पाच मिनिटं थांबले. मग स्वतःचीच लाज वाटली. विज्ञानाची बाई, एका भंगार गाडीशी बोलतेय. रडत रडत घरी आले.

संध्याकाळी सहाला श्रेयाचा फोन आला.

"ताई, यांची... यांची करंगळी सरळ झाली. आपोआप. आत्ता, मी चहा पाजत होते तेव्हा."

मी देवासमोर बसून हुंदके देऊन रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. डोळे पुसले आणि फोन खाली ठेवायला गेले...

फोन हातातून सुटला नाही.

याला आज सहा दिवस झाले. तो उजव्या मुठीतच आहे. तसाच चार्जरला लावते, तसाच उशाशी घेऊन झोपते. हे सगळं मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं लिहितेय. डावा हातही काल रात्रीपासून जड वाटतोय.

घरात मी लकवा सांगितलाय. शिवाला खरं अजून माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाला यावर काही उपाय ठाऊक असेल तर लिहा. पण शेडमध्ये दिलेला शब्द मागे घे, असं मात्र कुणी सांगू नका. आज सकाळपर्यंत शिवाची तीनच बोटं सरळ झालीत.

अजून सात बाकी आहेत.