वाया गेलेले सहाशे चाळीस

समर्थची आणि माझी पहिली भेट आमच्या घरखर्चात झाली. आणि ती अण्णांच्या कृपेनं झाली, हे मी त्यांना अजून ऐकवते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर आलेलं काहीही सगळ्या ग्रुपवर पाठवायची खोड. सुविचार असो, नाहीतर आमच्या खासबागेत नळाला पाणी कधी सुटणार ते असो. मी घरखर्च लिहायला मोबाईलवर ॲप घेतलं होतं. एका सोमवारी अण्णांनाही त्याची लिंक पाठवली. लिंक दाबणाऱ्याला आमचा सगळा हिशेब दिसतो, त्यात लिहिताही येतं. अण्णांनी दाबली आणि सवयीनं पुढं पाठवली... 'निपाणी पाव्हणे' या ग्रुपवरसुद्धा.

निपाणीचे पाव्हणे म्हणजे आदल्याच दिवशी, रविवारी, मला बघायला येऊन गेलेले. चार बायका, दोन काका. मुलगा सोडून सगळे. मी संध्याकाळी चिडून लिहिलं होतं – 'पोहे, कुंदा, चहा, रिक्षा – ६४०. मुलगाच आला नाही. वाया.' 'वाया' हे मी खास काढलेलं सदर. आधीच्या पाच स्थळांचे पोहे त्यातच होते.

मंगळवारी मी शाळेच्या ऑफिसात फी भरून घेत होते, तर फोन वाजला. आमच्या हिशेबात नवी ओळ आली होती – 'जमा ६४०, पोह्यांचे. एका शेतकऱ्याची मोटर जळालती, ऊस वाळत होता, म्हणून आलो न्हाय. – समर्थ.' निपाणीत त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

म्हणजे त्यानं 'वाया'सकट सगळं वाचलं होतं! घरी जाऊन अण्णांना जाब विचारला, तर ते शांतपणे म्हणाले, "व्हय, मीच पाठवली. घरातलीच माणसं व्हणार की ती." डोकं आपटून घ्यावं, तर भिंतही भाड्याची.

समर्थला हिशेबातून लगेच काढून टाकायला हवं होतं. बोट तिथवर नेलंही... पण न दिलेले पैसे जमा दाखवल्यानं महिन्याचा ताळाच जुळत नव्हता. मी लिहिलं, 'पैसे कुठं आहेत?' लगेच उत्तर आलं, 'रविवारी रोख आणून देतो. चालंल न्हवं?'

त्यानंतर मी दिवसातून दहादा ती ओळ उघडून बघत होते.

आणखी एक ओळ होती त्या हिशेबात. 'लग्नानंतर – आईचं औषध, दरमहा ३००० – विचारायचं.' ही गोष्ट काढल्यावर दोन स्थळं गप्प झाली होती; पुढच्या तिघांना विचारायचा मला धीर झाला नव्हता. ती ओळ पुसावी असं वाटलं. पण आज पुसली असती, तर पुन्हा लिहायचं धाडस कधी झालं असतं?

रविवारी तो एकटाच आला. लग्नाचा मुलगा असा एकटा येत नाही. आई गडबडली, अण्णा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. भुरभुर पावसानं त्याचे केस भिजले होते, बोटांना मोटरच्या तारांना लावायच्या वॉर्निशचा वास होता. त्यानं पाकीट पुढं केलं आणि मोजून घ्या म्हणाला. मी मोजलं – चिडूनच. बरोबर सहाशे चाळीस.

आई पोह्यांचं बघू लागली, तर त्यानं नको म्हटलं, ते पुन्हा वाया जायला नकोत. हसू आलं, पण मी दाबलं. आई-अण्णा चहासाठी आत गेले तसा तो हळूच म्हणाला, "ती तीन हजारांची ओळ वाचली मी. माझ्याकडनं मंजूर."

झालं. आठवडाभराचा राग उसळून वर आला. "मंजूर करणारे तुम्ही कोण? पगार माझा, आई माझी."

तो कानापर्यंत लाल झाला. हेही स्थळ गेलं, असं मला वाटलं... आणि फार वाईट वाटलं. तो मला आवडला होता, आणि हे कळायला मी हीच वेळ निवडली होती.

त्यानं मान वर केली. "मग 'विचारायचं' कशाला लिवलंय? कुणाला विचारणार हाईसा?"

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. चहा पिऊन तो निपाणीची बस गाठायला निघून गेला.

त्याची बस वाटेतल्या संकेश्वरलाही पोचली नसेल, तेवढ्यात फोन वाजला. 'समर्थ यांनी बदल केला.' उघडून बघितलं. 'लग्नानंतर – आईचं औषध, दरमहा ३०००.' एवढंच. 'विचारायचं' त्यानं पुसून टाकलं होतं.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग पोह्यांचे सहाशे चाळीस 'वाया'मधून काढले आणि 'घरखर्चा'त टाकले.

तो बदल अण्णांच्या फोनवरही गेलाच. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं, बोट उचललं... आणि जन्मात पहिल्यांदा थांबले.

"नीलम, सगळ्यास्नी पाठवू काय गं?"

"पाठवा," मी म्हटलं.