बुडालेल्या दफनभूमीतली ठकठक

"मी नाही परत उतरणार! मेलो तरी नाही!"

आर्नेल होडीच्या बांबूला लोंबकळत ओरडला. तोंडातली स्नॉर्केलची नळी त्याने कधीच थुंकून टाकली होती आणि पाणचष्मा कपाळावर वाकडा बसला होता.

"अरे, पण झालं काय?" वरून जोवेलिनने विचारलं. सुट्टीत शहरातून आर्नेल तिच्याच घरी राहायला आला होता.

"खाली कुणीतरी ठोकतंय! थडग्यात!"

बोयेत पोट धरून हसायला लागला. दहा वर्षांचा हा जोवेलिनचा धाकटा भाऊ कुणाचीही टर उडवायला सदा तयार असायचा. "काय तरी शहरातला शूरवीर! काल तळाशी लोळणारी समुद्रकाकडी बघून किंचाळलास, आज थडगं बघून!"

"मग तूच घाल ना डोकं पाण्यात!"

बोयेतने ऐटीत डोकं घातलं. पण वर आला तेव्हा त्याचं हसू पार मावळलं होतं. "मनांग," तो ताईला हळूच म्हणाला, "तू ऐक."

जोवेलिनने चष्मा चढवला आणि पाण्यात झेप घेतली. खाली नेहमीचंच दृश्य होतं. फार पूर्वी ज्वालामुखी फुटला तेव्हा कामिगिन बेटाचा हा किनारा गावच्या दफनभूमीसकट समुद्रात बसला होता. आता थडग्यांवर प्रवाळ चढले होते, दगडी क्रूसांभोवती पिवळे मासे फिरत होते आणि फटींमधून टोपलीएवढे शिंपले आपले निळे ओठ उघडून बसले होते. तिला इथला दगड न् दगड ठाऊक होता.

ठण्ण... ठक्.

आवाज समोरून आला, की मागून? पाण्यात तो सगळीकडूनच आल्यासारखा वाटत होता, अगदी छातीच्या आतूनसुद्धा!

ठण्ण... ठक्.

ती धडपडत होडीत चढली. "लोलो, खरंच वाजतंय! तुम्ही एकदा ऐका ना!"

तिचे आजोबा, लोलो तास्यो, वल्हं हातात धरून ताठ बसले होते. आयुष्यभर त्यांनी पाहुण्यांना हे पाणी दाखवलं होतं. पण आज त्यांनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला काही ऐकायचं नाही. चला घरी!"

संध्याकाळपर्यंत गावभर तोच विषय झाला. कुणी म्हणालं, मेलेली माणसं रागावलीत. कुणी म्हणालं, ती कुणाला तरी बोलावतायत. बुडी मारणाऱ्या पाहुण्यांसाठी मोठी होडी चालवणाऱ्या डेल्फिनने तर लगेच दुकानाबाहेर फळी टांगली : 'भुतांचा समुद्र! होडीत बसून ऐका!' शेवटी गावप्रमुख कपितान ओस्मुंदो यांनी जाहीर केलं, "रविवारी पाद्री येऊन प्रार्थना करतील. तोवर कुणीही पाण्यात उतरायचं नाही!"

जोवेलिनने ताटातला भात तसाच ठेवला. तिच्या मनात एक गोष्ट होती आणि ती कुणालाच सांगता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती चष्मा घेऊन किनाऱ्यावर पोहोचली, तर एका काळ्या खडकावर आर्नेल बसलेला!

"वाटलंच मला," तो म्हणाला. "रात्रभर तळमळत होतीस. एकटी कुठे निघालीस?"

"तुला काय करायचंय? तू तर मेलास तरी उतरणार नाहीस!"

"नव्हतोच उतरणार. पण तू एकटी जाणार असशील तर वेगळी गोष्ट आहे."

जोवेलिन वाळू उकरत राहिली. मग एकदम म्हणाली, "बाबा मासे मारायला गेले आणि वादळात सापडले. होडी मिळाली, ते नाही मिळाले. आम्ही शिंपले बघत खाली रेंगाळलो की ते दगडाने होडीचा तळ ठोकायचे. म्हणजे, पुरे, वर या. आर्नेल, ते वर येता न आल्यामुळे ठोकत असतील तर?"

आर्नेलने आपला चष्मा उचलला.

"आणि मला सोडून?" झावळ्यांमागून बोयेत बाहेर आला. त्याचे डोळे लाल होते. त्याने सगळं ऐकलं होतं. "माझेही बाबा होते ते!"

तिघे पाण्यात शिरले. पाणी करडं आणि थंडगार होतं. आज ठकठक होती, पण कालच्यासारखी जोरकस नव्हती. एकदा वाजे आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत थडगी कान देऊन ऐकत असल्यासारखी भासत होती.

"दिशाच कळत नाही!" डोकं वर काढून जोवेलिन म्हणाली.

"शिंपल्यांकडे बघा!" आर्नेल अचानक ओरडला. "आवाज झाला की ते दचकतात! इथले नुसते ओठ हलवतात, पण त्या खडकाजवळचा पटकन मिटला!"

"म्हणजे आवाज तिकडेच!" बोयेतने पाण्यावर थाप मारली. "शाब्बास रे शहरी! काकडीला घाबरतोस, पण डोकं आहे तुला!"

एका शिंपल्यावरून दुसऱ्याकडे असे ते सरकत गेले. गोठलेल्या लाव्हाचा काळा कडा जिथे पाण्यात उतरत होता, तिथला शिंपला गच्च मिटलेला होता. त्याच्या पलीकडे अंधारी कपार होती आणि आत काहीतरी हललं! मोठं, गोल आणि काळं. आर्नेलने जोवेलिनचा दंड घट्ट पकडला.

ते वर सरकलं. कपारीच्या छताखाली हवेची एक पोकळी होती, तिथे त्याने डोकं बाहेर काढलं.

फूऽस्स!

"कासव!" वर येताच तिघे एकदमच ओरडले.

त्याच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला जाळं आवळलं होतं. जाळ्याला जाड दोर आणि दोराच्या टोकाला पाणबुडे पाठीवर बांधतात तशी हवेची पिवळी टाकी बांधलेली होती. श्वास घ्यायला कासव वर आलं की टाकी उचलली जाई आणि ते खाली गेलं की ती कपारीच्या तोंडाशी असलेल्या एका थडग्यावर आपटे. ठण्ण... ठक्!

जोवेलिनने खाली जाऊन दोर ओढला, दातांनी चावून पाहिला. छे! पायाजवळचं मांस सोलवटून निघालं होतं. कासवाचे ओले डोळे अर्धवट मिटत होते. आवाजांमधलं अंतर का वाढत होतं, ते तिला कळलं. कासव दमत चाललं होतं!

ओल्या कपड्यांनीच ते गावच्या सभागृहात घुसले. कपितान, लोलो आणि डेल्फिन रविवारच्या तयारीचं बोलत होते.

"पाण्यात उतरलात? बंदी असताना?" कपितान गरजले.

"कपितान, खाली कासव अडकलंय! सुरी हवीय, आत्ताच्या आत्ता!"

"खोटं!" डेल्फिन घाईघाईने म्हणाला. "पोरांच्या थापा! रविवारपर्यंत कुणी खाली जायचं नाही. मृतांचा अपमान होईल!"

कपितान घुटमळले. जोवेलिनच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बोयेत मात्र डेल्फिनकडेच बघत होता. या माणसाला एवढी घाई कसली?

"राहू दे गं मनांग," तो खांदे उडवत म्हणाला. "रविवारनंतर आपण ती हवेची टाकी तरी काढून घेऊ. बेवारशीच आहे! भंगारवाला घेईल. तशी हिरव्या टाकीला काय किंमत म्हणा!"

"बेवारशी?" डेल्फिन उसळला. "हिरवी कुठून? पिवळी आहे ती, माझी टा—"

तो थांबला. पण उशीर झाला होता.

"नोंग डेल्फिन," थोरल्या दादाला हाक मारावी तसं बोयेत गोड आवाजात म्हणाला, "तुम्हाला हो कसं ठाऊक?"

डेल्फिनने मान खाली घातली. "पाहुणे भरकटू नयेत म्हणून जाळ्याचं कुंपण घातलं होतं. वजनाला जुनी टाकी बांधली. हंगाम संपल्यावर... काढायचं राहून गेलं. ठकठक सुरू झाल्यावर शंका आली होती, पण फळी बघून पाहुणे चौकशी करायला लागले..."

"आणि तू गप्प बसलास!" कपितान कडाडले. "मी गावभर बंदी घालून बसलोय आणि तू फळी टांगतोस! तास्यो, होडी काढ!"

लोलोंनी वल्ह्यांवर एवढा जोर कधीच लावला नसेल. कड्याजवळ पोहोचताच त्यांनी आपली धारदार कोयती जोवेलिनच्या हातात दिली. "कपारीत मी मावणार नाही. तू जा, पोरी. मी इथे आहे."

जोवेलिनने छातीभर श्वास घेतला. कपारीत शिरताना खडक पाठीला घासला. कासव आता वर येत नव्हतं. ते तळाशी कलंडलं होतं! तिने दोराखाली कोयती घातली. एक पदर तुटला. दुसरा तुटला. कानांत घणघण सुरू झाली, पण ती हटली नाही. शेवटचा पदर सुटताच तिने जाळं ओरबाडून काढलं, कासवाच्या पोटाखाली हात घातले आणि पायांनी खडकाला जोरात रेटा दिला.

दोघांची डोकी एकदमच त्या पोकळीत बाहेर आली.

फूऽस्स! कासवाने श्वास घेतला. जोवेलिनने घेतला. पुन्हा दोघांनी घेतला. क्षणभर त्याची पाठ तिच्या छातीला टेकलेली होती. मग त्याने तो जखमी पाय हलवून पाहिला, ते वळलं आणि निळ्या पाण्यात निघून गेलं.

मागे उरली नुसती शांतता. आता कुणी ठोकत नव्हतं. खाली कुणीच तिची वाट बघत नव्हतं. चष्म्याच्या आत तिचे डोळे भरून वाहायला लागले.

ती होडीत चढली तेव्हा बोयेत आणि आर्नेल आनंदाने नाचत होते. होडी कलंडता कलंडता वाचली! लोलोंनी तिला आपल्या सदऱ्यात गुंडाळलं.

"लोलो," ती कुजबुजली, "ते बाबा नव्हते."

लोलोंनी तिचे ओले केस पुसले. "मलाही तेच वाटलं होतं गं," ते म्हणाले. "म्हणून तर मी ऐकलं नाही. माझा पोरगा हाका मारतोय आणि मी म्हातारा खाली जाऊ शकत नाही, हे मला सहन झालं नसतं. तू मात्र गेलीस."

रविवारी प्रार्थना झालीच. मेणबत्त्या लागल्या, लाटांवर फुलं सोडली गेली. मग कपितान सगळ्या गावासमोर उभे राहिले.

"आम्ही मोठी माणसं मेलेल्यांना भीत बसलो," ते म्हणाले, "आणि तिकडे एक जिवंत जीव गुदमरत होता. या तीन मुलांनाही भीती वाटली होती. पण ती बघायला गेली! यापुढे या पाण्यात कुणीही दोर टाकण्याआधी या तिघांना विचारायचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला! उरलेलं कुंपण डेल्फिन स्वतःच्या हातांनी काढत होता, आणि होडीच्या टोकावर बसून बोयेत त्याला फर्मावत होता, "नोंग, तो तुकडा राहिला! नाही, नाही, डावीकडचा!"

"जोवेलिन," आर्नेल कानात म्हणाला, "मला खोल बुडी मारायला शिकवशील? पण समुद्रकाकड्या नसतील तिथे!"

"त्या सगळीकडे असतात!"

ती हसतच पाण्यात उतरली आणि तोंड खाली घालून थडग्यांवर तरंगत राहिली. कुठलीच ठकठक नव्हती. क्रूसाच्या हातावर एक हिरवा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, कुर्रकुर्र, कुर्रकुर्र. आर्नेल शेजारी येऊन तरंगू लागेपर्यंत ती तेच ऐकत राहिली.