कोरड्या वाळूवरची फरशी

जन्मभर लोकांच्या घरांत फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीची स्वतःची मागची खोली मात्र वाळूचीच राहिली होती. दिव्याखाली अंधार, असं बायको म्हणायची, पण हसून. दोघांचं तसं छान चाललं होतं. सलायची ती एकच गोष्ट. लेक परगावाहून यायची आणि बॅग न उघडताच परत निघायची. झोपायला धड खोली नाही, तर ती तरी राहणार कुठे? यंदा ती सुट्टीत येणार म्हटल्यावर मिस्त्रीने कंबर कसली.

खोलीच्या मधोमध वाळूत एक खळगा होता, नरसाळ्यासारखा, कपाच्या तोंडाएवढा. तळाशी एक किडा दडून बसायचा. मुंगी कडेवर आली की तिच्या पायाखालची वाळू सरकायची. ती वर चढू लागली की तो खालून तिच्यावर वाळू उडवायचा. मग तिच्या आतलं सगळं शोषून घेऊन टरफल बाहेर भिरकावायचा. कडेला तशी टरफलं पडलेली असत, पायांसकट शाबूत, फुंकरीने उडतील इतकी हलकी. बसून खातो म्हणून बायको त्याला घरजावई म्हणायची. दुपारी तिथेच शेंगा सोलत त्याच्याशी गप्पा मारायची आणि फार बरं वाटतं म्हणायची.

फरशीखालची वाळू भरपूर पाणी मारून दाबून घ्यायची, हा मिस्त्रीचा नियम. त्यात त्याने कधी गिऱ्हाइकाचंही ऐकलं नव्हतं.

"पाणी नका ना मारू," बायको म्हणाली. "बुडेल बिचारा."

तिच्यापुढे त्याचं काय चालणार? त्याने कोरड्याच वाळूवर सिमेंटचा माल पसरून फरशी बसवली. लेव्हल लावली. बुडबुडा बरोबर मधोमध. मग सवयीप्रमाणे एकेका कोपऱ्यातून गोटी सोडली. दरवेळी ती घरंगळत खोलीच्या मध्यावर येऊन थांबली. त्याने पुन्हा लेव्हल लावली. फरशी सपाटच होती. मिस्त्रीने गोटी खिशात टाकली.

लेक आली तीच मुळी "दोनच दिवस हं बाबा" म्हणत. खोलीत जरा आडवी झाली, उठली ती बॅग उघडायलाच. दोनाचे चार दिवस झाले, चाराचे आठ. रात्री भिंतीशी अंथरलेली तिची चटई सकाळी मध्यावर असायची. हळूहळू तिघंही तिथेच जेवू लागली, तिथेच लवंडू लागली. घरात नुसता हशा पिकायचा. मिस्त्रीचा फोन वाजून वाजून थांबायचा.

एका दुपारी लेकीने बॅग भरली. ऑफिसातून सारखी विचारणा होतेय, आज निघायलाच हवं, म्हणाली. ती उंबऱ्याशी पोचली, आणि तिच्या केसांत वाळूचे चार कण पडले.

मिस्त्रीने वर पाहिलं. छत नवं, रंगवलेलं, कुठे चीर नाही.

त्याने खाली पाहिलं. मधल्या फरशीच्या सांध्यात किंचित फट पडली होती.

छिन्नी दाराशीच होती. एक घाव, आणि ती फरशी उखडली असती. छिन्नी घ्यायला तो उठला, दोन पावलं गेला. त्याच्याही मानेवर वाळू पडली.

"जाऊ दे. उद्या जाईन," म्हणत लेक परत आत आली.

हे ऐकायला त्याने किती वर्षं वाट पाहिली होती.

"उद्याच जा," तो म्हणाला, आणि मध्यावर येऊन बसला.

लेकीने त्याच्या मांडीवर डोकं टेकलं. "किती हलकं वाटतंय इथे," ती पुटपुटली. बायको शेजारी शेंगा सोलत गालातल्या गालात हसत होती.

उन्हं उतरली. लेकीची झोप मोडू नये म्हणून मिस्त्री जागचा हलला नाही. जिवाला कसं गार वाटत होतं. लहानपणी ती अशी झोपली की घटकाभरात त्याच्या पायाला मुंग्या यायच्या. आज आल्या नाहीत. मांडीवर डोकं आहे की नाही, हे त्याला खाली वाकून पाहावं लागलं.